शनिवारी दुपारी खरं बोलणाऱ्या बायका

सासूबाईंनी मला वैद्यांकडे नेलं, ते माझं पोट दुखत होतं म्हणून. पोट कशानं दुखतं हे मला माहीत होतं, पण ते सांगण्यापेक्षा मी कितीही कडू काढा प्यायला तयार होते.

तेव्हा आम्ही हिंगणघाटला राहत होतो. आमचा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. हे गिरणीच्या ऑफिसात कारकून. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन लेकरं. खाण्यापिण्याची ददात नव्हती. माहेरी, आर्वीकडेही, मी कधी उपाशी झोपल्याचं आठवत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सून चोरून खात होती म्हटलं की लोक आधी सासूकडे बोट दाखवतात. तसं काही नव्हतं. मी सगळ्यांची जेवणं झाल्यावर पोटभर जेवायची, आणि मग भांडी आवरताना, आसपास कुणी नसलं की उभ्यानं खायची. गुळाबरोबर कच्चं बेसन, भिजवलेली डाळ, तळणीच्या तळाशी राहिलेला चुरा, शिळ्या भाकरीवर तेल. दाराआड, पदराखाली हात धरून. भुकेलं माणूस खातं आणि थांबतं. माझं थांबणं माझ्या हातात नव्हतं. एक घास गिळतानाच पुढच्या घासाची घाई व्हायची, आणि कान सारखे दाराकडे.

वैद्यांनी नाडी पाहिली. "काल काय खाल्लं होतं?"

"वरण-भात," मी म्हणाले.

सासूबाई पुडी बांधून घ्यायला आत थांबल्या आणि मी बाहेर ओसरीवर येऊन टेकले. तिथे मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई बसल्या होत्या. नागपूरला शिकलेल्या, विधवा, आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकट्या राहणाऱ्या. तोवर आमचं बोलणं 'कशा आहात' एवढंच. त्यांनी माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हटलं, "कच्चं पीठ खाल्लं की असंच दुखतं."

ओठाच्या कडेला काही लागलं आहे की काय म्हणून मी पदरानं तोंड पुसलं.

"तुमाले कोणं सांगतलं?"

"कुणी नाही. मलाही दुखतं," त्या म्हणाल्या. "मी त्याचसाठी आले आहे."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. मास्तरीणबाईंनी त्यांना नमस्कार केला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "सूनबाईंना शनिवारी दुपारी पाठवत जा ना माझ्याकडे. सकाळची शाळा असते, दुपारी मी मोकळी असते. टकलीवर सूत कातायला शिकवीन." वर्ध्याचं वारं आमच्याकडेही होतं. घरोघरी सूत कातलं जायचं. सासूबाईंना त्यात नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही.

पहिल्या शनिवारी मी गेले ती पळून यायच्या तयारीनंच. खोलीत एक चटई, कोपऱ्यात चूल, भिंतीला मुलींच्या पाट्यांची चळत. मास्तरीणबाईंनी टकली माझ्या हातात दिली, स्वतः एक घेतली, दार लोटलं आणि आपलं सांगू लागल्या. नवरा गेल्यानंतर एकभुक्त राहायचं असा घरचा रिवाज. दिवसभर त्या तो पाळायच्या आणि शाळेतून आल्यावर दाराला कडी घालून जे सापडेल ते खायच्या. मुलींनी संक्रांतीला आणून दिलेले तिळाचे लाडू एका बैठकीत संपवून दुसऱ्या दिवशी तापाचं निमित्त करून घरी राहिल्या होत्या. हे त्या पाढे म्हणावेत तशा सांगत होत्या.

"मला तुम्ही काय खावं, काय खाऊ नये, हे सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "मीही तुम्हाला सांगणार नाही."

"मंग करायचं काय?"

"खरं सांगायचं. आणि इथलं इथंच ठेवायचं."

हे त्यांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. त्यांचा थोरला भाऊ दारूपायी खंगला होता. मिशनच्या दवाखान्यातल्या एका परदेशी डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं की आमच्याकडे दारू सुटत नाही अशी माणसं आठवड्याला एकत्र बसतात. तिथे कुणी मोठा नसतो, कुणी कुणाला उपदेश करत नाही, प्रत्येक जण फक्त आपलं खरं सांगतो, आणि त्यातून पुष्कळांची सुटते. भाऊ हसला होता. वर्षभरात तो गेला. बहिणीच्या मनात मात्र ते बोलणं राहिलं.

मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. दुसऱ्या शनिवारी बोलले. घरी येताना इतकी भीती वाटली की गल्लीतली प्रत्येक खिडकी माझ्याकडे बघते आहे असं वाटलं. पण त्या संध्याकाळी मी दाराआड गेले नाही. का गेले नाही ते मला आजही धड सांगता येणार नाही.

शपथ घेऊ नका, असं मास्तरीणबाई सांगत. सल्ला म्हणून नव्हे, स्वतःचा अनुभव म्हणून. "मी तुळशीला हात लावून शपथ घेतली आहे. जन्मभराची. दिवेलागणीपर्यंतही टिकली नाही. आता मी फक्त आज नाही एवढंच म्हणते. उद्याचं उद्या." आणि फार अनावर झालं तर एकमेकींकडे यायचं, हे ठरलं. त्यासाठी निमित्त सोपं होतं. घागर उचलायची आणि पाण्याला निघायचं. पाण्याला जाणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही.

काही महिन्यांत आम्ही चौघी झालो. पेठेतल्या कापसाच्या आडत्याच्या घरच्या काकू आल्या. देहानं एवढ्या भारी की बैलगाडीत चढताना दोघींनी आधार द्यावा लागे, आणि बोलायला मोकळ्या. "लोकं माह्या अंगाले हसते ना, तवा म्या त्याईच्या संगं हसतो," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अन् घरी जाऊन खातो." चौथी हिंगणी गावाकडची. हंगामात कापूस निवडायला जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात यायची, गिरणीमागच्या झोपडीत राहायची. तिची मुलगी मास्तरीणबाईंच्या वर्गात होती. घरी ती गोंडी बोलायची, आमच्याशी आमच्यासारखं. लहानपणी दुष्काळात तिचा धाकटा भाऊ तिच्या मांडीवर गेला होता. तेव्हापासून शिजलेलं अन्न उरलं की ते संपेपर्यंत तिला बसवत नसे, मग त्यात लेकरांचा वाटा का असेना. "खातो अन् रडतो," ती म्हणाली. "लेकरं पाह्यत राह्यते."

काकू पहिले काही शनिवार तिच्यापासून लांब, चटईच्या पार कडेला बसत. त्या खोलीत पाणीही पीत नसत. मास्तरीणबाई त्यावर बोलल्या नाहीत. लेकरांचं ऐकलं त्या दिवशी काकूंची टकली थांबली. पुढच्या खेपेला त्या तिच्या शेजारी बसल्या आणि माठातलं पाणी मागून प्यायल्या.

असा अर्धा हिवाळा गेला. मी बरी झाले होते असं नाही. पण मधले दिवस वाढत होते, आणि चुकलं तर ते कुठे नेऊन ठेवायचं हे माहीत होतं.

मग मामासाहेब आले.

मामासाहेब म्हणजे सासूबाईंचे भाऊ, माझे मामेसासरे. वर्ध्याला राहत, खादी घालत, गावोगाव फिरून आहारावर व्याख्यानं देत. मीठ सोडा, तेल सोडा, उपास करा, जीभ जिंका. माणूस प्रामाणिक होता, बोलतो तसा वागणारा. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. त्या दिवशी ते जेवायला बसले होते, शेजारी हे होते, मी वाढत होते.

"अक्का, तुझ्या गावात एक मोठी गोष्ट घडते आहे," ते सासूबाईंना म्हणाले. "पेठेतल्या त्या आडत्यांच्या घरी गेलो होतो, त्यांच्या सौभाग्यवतींनी सांगितलं. काही बायका एकत्र बसून जिभेवर ताबा मिळवत आहेत. मी त्यांना आता फळं आणि पाण्यावर ठेवलं आहे. येत्या रविवारी धर्मशाळेच्या आवारात सभा घेतोय. त्या स्वतः बोलणार आहेत."

वरणाची पळी माझ्या हातात तशीच राहिली.

"बाकीच्या बाया कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"त्या नाव घेत नाहीत. पण सभेत मी आवाहन करणार आहे. चांगल्या गोष्टीला लपायचं कशाला? उभं राहावं त्यांनी."

ह्यांनी ताटावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "वरण वाढ ना," ते म्हणाले. मी वाढलं. ते पानाबाहेर सांडलं.

शनिवारी मी खोलीवर पोचले तेव्हा काकू आधीच आल्या होत्या. अंगानं उतरल्या होत्या, पण चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. मी मामासाहेबांचं बोलणं सांगितलं. मास्तरीणबाईंचा रंगच गेला. त्यांची नोकरी शाळेची. एकभुक्त राहणारी विधवा मास्तरीण कडी लावून खाते हे मुख्याध्यापिकेच्या कानावर गेलं असतं तर काय झालं असतं, ते आम्हाला सांगावं लागत नव्हतं.

"इथलं इथंच, असं ठरलं होतं," त्या म्हणाल्या.

"म्या माह्यंच सांगतलं," काकू म्हणाल्या. "तुमचं नाव नाई घेतलं."

"पण आम्ही आहोत हे सांगितलंत."

"त्याईनं इचारलं, एकटीनं कसं जमलं. म्या खोटं बोलू का? अन् यात वाईट काय हाये? दुसऱ्या बायाईले फायदा होईन."

"फायदा कुणाला होईल ते मला माहीत नाही. तुम्ही व्यासपीठावर उभ्या राहिलात की पुढच्या शनिवारी खरं बोलू शकणार नाही. मग तुमचं काय होईल?"

"तुमाले माह्या चांगल्याचं पाह्यवत नाई," काकू म्हणाल्या आणि उठल्या. उठताना त्यांना झोक गेला, भिंतीचा आधार घ्यावा लागला. हिंगणीकडच्या बाईनं हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

मास्तरीणबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सभेत बोलणार असाल तर इथे येऊ नका."

काकू गेल्या. त्या शनिवारी मग कुणीच काही सांगितलं नाही. तिघी सूत कातत बसलो, आणि माझा धागा सारखा तुटत होता.

रविवारी मांडवात बायकांची बाजू भरली होती. मी सासूबाईंच्या शेजारी. दोन रांगा पुढे शाळेच्या शिक्षिका, त्यांत मास्तरीणबाई, पाठ ताठ, मान खाली. हिंगणीकडची बाई बाहेर लिंबाच्या झाडाखाली जिनातल्या बायांबरोबर उभी होती. काकू बोलल्या. फार चांगलं बोलल्या. लोक हसले, मग गप्प झाले, एकदोघी डोळे पुसायला लागल्या. मला काकूंचा अभिमानही वाटत होता आणि धास्तीही.

मामासाहेब उठले. "या मातोश्रींच्या सोबत ज्या भगिनी आहेत त्या या मांडवात असतील. त्यांनी उभं राहावं. लाज कसली? त्यांना बघून दहाजणींना बळ येईल."

कुणी हललं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून कुणीतरी खुसखुसलं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. सासूबाईंची नजर माझ्या गालावर आहे हे मला न बघता कळत होतं. मास्तरीणबाईंची पाठ तशीच ताठ, फक्त मानेवरचा घाम दिसत होता.

मामासाहेब काकूंकडे वळले. "तुम्हीच सांगा, कोण कोण आहेत?"

काकूंनी मांडवावरून नजर फिरवली. ती माझ्यावरून गेली, थांबली नाही. मग त्या म्हणाल्या, "माह्यासंगं कोणी नव्हतं. म्या एकटीच होतो. उगाच बोलली तुमाले."

मामासाहेबांचा चेहरा पडला. खोटं बोललेलं त्यांना कळलं असावं, पण एवढ्या लोकांत काय बोलणार? त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी हे गिरणीत गेले, लेकरं बाहेर खेळायला पळाली, तेव्हा सासूबाईंनी मला समोर बसवलं.

"मास्तरीणबाईकडं कोण कोण येते?"

"ते मी नाई सांगणार," मी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना असं उत्तर मी दिलं नव्हतं. "माह्यं इचारा. माह्यं सांगतो."

"मंग तुह्यं सांग."

मी सांगितलं. बेसन, गूळ, दाराआडचं, पोटदुखी, सगळं. त्या ऐकत होत्या, मध्ये बोलल्या नाहीत.

"डब्यातलं कमी होते हे मले तू आली त्या सालापासून ठाऊक हाये," त्या शेवटी म्हणाल्या. "वाटे, पोरगी माहेरची आठवण काढून खाते. सोडून देईन. मंग वाटलं, पोटात जंत असन. म्हणून वैद्याकडं नेलं."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"खाण्यावरून बोललेलं सून मरेपर्यंत विसरत नाई. मले ठाऊक हाये ना." त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठता उठता म्हटलं, "शनिवारी जात जाजो. पण माह्या भावाच्या कानावर जाऊ देऊ नको. तो तुले गावोगाव फिरवन."

मला वाटलं होतं आता सगळं सुरळीत होईल. झालं उलट. सभेनंतर काकू मोठ्या झाल्या. त्यांना बघायला बायका यायच्या, पाया पडायच्या. मामासाहेबांनी त्यांना वर्ध्याला नेलं, देवळीला नेलं. आणि आमच्या खोलीत तिघी बसायचो, मास्तरीणबाई आपली पाळी आली की "माझं ठीक आहे" एवढं म्हणून पुढे पाठवायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांचं सुटलं असेल.

फाल्गुनात एक दिवस दुपारी मी घागर घेऊन पेठेच्या विहिरीवर गेले होते. काकूंच्या वाड्याचं मागचं दार उघडं होतं. आतून त्यांनी मला नावानं हाक मारली. आवाज ओळखू येत नव्हता.

त्या कोठीत जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात शेजारच्या लग्नातून आलेल्या बुंदीची परात, कोपरापर्यंत हात तेलकट. आधीच्यापेक्षाही सुजल्यासारख्या दिसत होत्या. दार लोटायला सांगितलं. मी लोटलं.

"उद्या सेलूले बोलाचं हाये," त्या म्हणाल्या. "गाडी येईन सकाळी. सभेच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून म्या खाऊन राह्यली. रोज खातो अन् रोज सांगतो का म्या जीभ जितली. सांगू कोणाले? नवऱ्याले सांगू? तुह्या मामासाहेबाले सांगू? मले खरं बोलाले जागाच नाई राह्यली, बाई."

हे बोलतानाही त्यांचा हात परातीकडे जात होता. तो धरावा, परात ओढून घ्यावी, असं मला फार वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या बुंदीच्या वासानं माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. दोघी तिथे बसून ती परात संपवू शकलो असतो. मी हात पाठीमागे धरले आणि त्यांना तेच सांगितलं. "काकू, मलेबी खावं वाटून राह्यलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग परात बाजूला सारली, माझ्यासाठी, स्वतःसाठी नव्हे. आणि भिंतीला डोकं टेकून रडल्या.

"शनिवारी येजा," मी म्हणाले.

"मास्तरीणबाईनं नाई म्हटलं हाये."

दुसऱ्या दिवशी काकू सेलूला गेल्या नाहीत. अंगात ताप आहे असा निरोप धाडला. त्यानंतर दोन दिवसांनी शनिवार होता. मी सगळं खोलीत सांगितलं आणि म्हटलं, काकूंना परत यायचं आहे.

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकदा विश्वास मोडला. त्या दिवशी मांडवात माझं काय झालं असतं याचा विचार केला होता त्यांनी?"

"पण नाव नाई घेतलं त्याईनं," मी म्हणाले. "आपल्यासाठी चारचौघात खोट्या पडल्या."

"खोली माझी आहे. जोखीम माझी आहे."

हिंगणीकडची बाई तोवर गप्प होती. ती म्हणाली, "बाई, म्या आली तवा तुमी मले इचारलं होतं, तुले खाणं थांबवाचं हाये का? म्या हो म्हणली, तुमी बस म्हणल्या. जात नाई इचारली, घर नाई इचारलं. मंग काकूले दुसरं काऊन इचारता?"

मास्तरीणबाई फटकन म्हणाल्या, "तुला नाही कळायचं." आणि म्हणताच त्यांचा हात तोंडावर गेला. असं त्या कधी बोलत नसत.

ती बाई उठली नाही, रागावलीही नाही. पण टकली खाली ठेवून सरळ मास्तरीणबाईंकडे बघत राहिली. बाहेर गिरणीचा भोंगा झाला.

"मी खाते आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या रविवारपासून. सभेतून आले, कडी लावली आणि खाल्लं. त्यानंतर एक दिवस चुकला नाही. दर शनिवारी तुम्हाला ठीक आहे सांगितलं. तुम्ही माझ्याकडे बघून चालता असं मला वाटत होतं. मी पडले तर तुम्ही पडाल."

मला राग आला होता, हे लपवत नाही. इतके शनिवार मी माझं एकेक चुकलेलं त्यांच्यापुढे मांडत होते आणि त्या ठीक आहे म्हणत होत्या. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान्य केलं. मग मीच चुलीजवळ जाऊन चहा टाकला, कारण कुणाला तरी उठायला हवं होतं.

त्या दुपारी पुष्कळ बोललो. काही ठरवलं असं नाही, पण त्यानंतर कधी मास्तरीणबाईंनी सुरुवात केली नाही, ज्या दिवशी ज्या बाईला बोलावंसं वाटे ती बोलायची. आणि बसणं एकीच्याच खोलीत राहिलं तर ती मालकीण होते, म्हणून कधी आमच्या पडवीत बसायला लागलो, सासूबाई देवळात गेल्या की. कुणी परत यावं, कुणी येऊ नये, हे कुणा एकीनं ठरवायचं नाही, यावर मात्र तिघींचं एकमत झालं. निरोप घेऊन मीच गेले.

पुढच्या शनिवारी काकू आल्या. दारात थांबल्या. मास्तरीणबाई उठल्या आणि त्यांना म्हणाल्या, "मी तुम्हाला येऊ नका म्हटलं, तो माझा अधिकार नव्हता." हिंगणीकडची बाई चटईवर सरकली, आणि काकू तिच्या शेजारी धापा टाकत बसल्या.

मामासाहेब मात्र सहजासहजी सोडणारे नव्हते. ते आमच्या घरी आले, दुखावलेले. सेलूची सभा मोडली, देवळीच्या लोकांना तोंड दाखवायला जागा नाही. "एवढी चांगली चळवळ," ते सासूबाईंना म्हणाले. "आणि त्या बाई दाराआड बसल्या. सत्य लपवून काय मिळतं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ह्यांची पाठ माझ्याकडे होती. मी बोलणार नव्हते. पण बोलले. "लपवत नाई, मामासाहेब. ज्याईले तेच दुखणं हाये त्याईले सांगतो. बाकीच्याईले सांगून ते बरं होत नाई, वाढते."

हे गर्रकन वळले. मामासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. मला वाटलं, आता ते नाव घेऊन विचारतील, तू त्यातली का.

सासूबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तू तुह्यी भाषणं दे. चांगली देतो. बायाईले त्याईच्या जागी बसू दे."

मामासाहेब म्हणाले, "अक्का, मला ताक दे." ते प्यायले आणि गेले. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. ह्यांनी त्या रात्री एकच विचारलं, "तुले बरं वाटते का आता?" मी म्हटलं, "काही दिवशी." त्यांनी त्यावर आणखी खोदलं नाही, आणि मी त्यांना पुढे हळूहळू सांगितलं.

काकू पूर्ण सुटल्या असं नाही. गुडघे गेले ते गेलेच. पण त्यांनी पुन्हा फळं-पाण्याचं खूळ घेतलं नाही, तीन वेळा साधं जेवायच्या, आणि बिनसलं की पेठेतून माणूस धाडायच्या, "सुताचा गुंता झाला, येऊन जा" म्हणून. हिंगणीकडची बाई हंगाम संपला की गावी जायची. तिकडे तिच्या जावेला तसंच काहीसं होतं. त्या दोघी शेतात बांधावर बसतात, असं ती परत आल्यावर सांगायची. बसून काय करतात, असं आम्ही विचारलं नाही.

दोनेक वर्षांनी मास्तरीणबाईंची बदली गिरडला झाली. त्यांना टेकडीच्या पायथ्याशी खोली मिळाली होती. निघायच्या आधी त्यांना फार काळजी, आमचं कसं होणार. आम्हालाही होती. त्यांच्या जाण्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघी काकूंच्या मागच्या अंगणात बसलो. एक नवी बाईही होती, शिंप्याच्या घरची. डोक्यावर पदर, मान वर करत नव्हती. काकूंनी तिला टकली दिली. मग सगळ्या गप्प. मास्तरीणबाई असत्या तर त्या शांततेची भीती वाटली नसती. त्या दिवशी वाटली. कापसाच्या गाड्या रस्त्यानं जात होत्या, चाकांचा आवाज यायचा आणि विरायचा. शिंप्याच्या घरची बाई उठून जाते की काय असं मला वाटायला लागलं.

हिंगणीकडच्या बाईनं घसा साफ केला.

"काल भात उरला होता," ती म्हणाली. "म्या सांगतो."